धुराला वाट

दिवाळीच्या पहाटे अंगणात बंब पेटवणारी घरे आता थोडी उरली आहेत. तरी कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या घरांत तांब्याचा बंब अजून मोरीशेजारी उभा दिसतो. त्याची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. पाण्याच्या उभट, गोल भांड्याच्या मधोमध एक नळी तळापासून तोंडापर्यंत आरपार गेलेली असते. नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडायला जागा. वरून चिपाडे, करवंट्या, गोवरीचे तुकडे टाकायचे आणि खालून पेटता कागद लावायचा. पहिले मिनिटभर धूर वाट फुटेल तिकडे जातो, पेटवणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढतो. मग नळी तापते. धुराला दिशा सापडते, खालून हवा आत ओढली जाऊ लागते, नळीत घरघर सुरू होते आणि फुंकणी बाजूला ठेवता येते.

ही घरघर म्हणजे धुराडे कामाला लागल्याची खूण. बंबाच्या पोटातली ती नळी हे एक छोटे धुराडेच असते.

पण अंघोळीच्या पाण्यासाठी ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या असे धुराडे वापरले, त्याच घरांतल्या स्वयंपाकाच्या चुलीला ते क्वचितच मिळाले. तिथला धूर कौलांच्या फटींतून आणि खिडकीतून जमेल तसा बाहेर पडत राहिला. तुळया काळ्या झाल्या, भानोशीवर काजळी साचली आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईला सकाळ-संध्याकाळ खोकला लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरात कोंडलेल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभर सुमारे 32 लाख माणसे दगावली. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त 43 टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली. चुलीला धुराडे कसे बसवावे हा प्रश्न त्यामुळे अजून जुना झालेला नाही.

ओढ कुठून येते

धुराड्यात पंखा नसतो, मोटर नसते. ते चालते एका साध्या गोष्टीवर: गरम हवा फुगते आणि हलकी होते. 30 अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा साधारण 1.16 किलो भरते. तीच 150 अंशांपर्यंत तापली की एका घनमीटरचे वजन 0.83 किलोवर येते. तीन मीटर उंच नळी अशा गरम वायूने भरली की नळीतला हलका स्तंभ आणि बाहेरचा जड स्तंभ यांच्यात दाबाचा फरक पडतो. बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि हलका धूर वर रेटते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात.

ही ओढ किती असते? वरच्या उदाहरणात जेमतेम 10 पास्कल. ताटात एक मिलिमीटर उंचीचे पाणी ओतले तर ताटाच्या तळावर जेवढा दाब पडेल, तेवढा. चुलीतला सगळा धूर या एवढ्याशा बळावर छपरापार जायचा असतो. ओढ इतकी नाजूक असल्यामुळेच धुराड्यातल्या बारीकसारीक चुका फार महागात पडतात.

नळीतला धूर 150 ऐवजी 80 अंशांवर आला, तर ओढ निम्मी होते. म्हणून धुराडे तापलेले राहिले पाहिजे. भिंतीबाहेरून नेलेली पातळ पत्र्याची नळी वाऱ्याने आणि पावसाने गार पडते. घराच्या आतून सरळ वर गेलेली नळी ऊब धरून राहते. उंची वाढली की ओढ वाढते, पण तेवढ्या उंचीपर्यंत धूर गरम टिकला तरच. प्रत्येक वळण, प्रत्येक आडवा तुकडा, आतला प्रत्येक खडबडीत सांधा त्या एक मिलिमीटर पाण्याच्या बळातून आपला वाटा काढून घेतो.

विलायतेतली तयारी

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत हा हिशेब रोज मांडला जातो. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरांना उघड्या आगटीसाठी बांधलेली विटांची रुंद धुराडी असतात. अशा आगटीच्या जागी लोखंडी, काचेच्या दाराची लाकडाची शेगडी बसवायची ठरली की शेगडीच्या आधी धुराड्याची तयारी करावी लागते. कारण उघड्या आगटीत भरपूर हवा वर जाते, तर बंद शेगडीतून थोडाच धूर निघतो. तो थोडका धूर रुंद, थंड विटांच्या बोगद्यात शिरला की गार पडून रेंगाळतो.

म्हणून आधी ते धुराडे घासूनपुसून साफ करतात. मग आत धूर सोडून पाहतात: वरच्या मजल्याच्या खोलीत, पोटमाळ्यावर किंवा शेजारच्या घरात कुठे भेगेतून धूर झिरपत नाही ना. त्यानंतर छपरावरून स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी आत सोडली जाते. तिचा व्यास बहुतेक वेळा 150 मिलिमीटर असतो. नळीभोवती उष्णतारोधक वेष्टण घालतात किंवा मोकळी जागा व्हर्मिक्युलाइटसारख्या हलक्या खनिजाच्या दाण्यांनी भरतात, म्हणजे धूर शेवटपर्यंत गरम राहतो. तळाशी पत्र्याचे झाकण घालून जुना बोगदा बंद करतात. शेंड्यावर पाऊस आणि पक्षी अडवणारी टोपी येते. इंग्लंडच्या बांधकाम मार्गदर्शिकेत अशा धुराड्याची उंची साडेचार मीटर धरलेली आहे, तर शेगडीच्या मागून निघणारी आडवी नळी 15 सेंटीमीटरपेक्षा लांब नसावी असे सांगितले आहे. ज्या खोलीत शेगडी, त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र लावणे बंधनकारक आहे. या वायूला रंग नाही, वास नाही; धुराडे तुंबले आणि दारे-खिडक्या बंद असल्या तर झोपलेल्या माणसाला तो झोपेतच गाठतो.

छपरावर नळी किती काढायची, याला अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत लक्षात ठेवायला सोपे माप आहे. छपरातून नळी जिथे बाहेर येते तिथून ती किमान 3 फूट वर हवी आणि 10 फुटांच्या आतल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा 2 फूट उंच हवी. आढ्याच्या आडोशाला नळी बुटकी राहिली तर आढ्यावरून उसळून खाली येणारा वारा धूर परत घरात कोंबतो. हा नियम सातारच्या कौलारू घरालाही तितकाच लागू पडतो.

वैलापासून लक्ष्मीपर्यंत

महाराष्ट्रातल्या चुलीला दोन भांड्यांची कल्पना नवी नव्हती. मुख्य चुलीच्या बाजूला वैल असतो. जाळ पुढच्या भांड्याखाली आणि त्याचा उरलेला ताव आतल्या भोकातून वैलावर. तिथे आमटी कढत राहते किंवा भात मुरतो. वैलाच्या पलीकडे एक पाऊल टाकायचे राहिले होते: तिथून निघणाऱ्या धुराला नळी जोडण्याचे.

ते पाऊल वर्ध्यात पडले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाला, आणि तिथल्या प्रयोगांतून धुराडे असलेली मगन चूल आकाराला आली. मातीतच घडवलेली, एका जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवता येतील अशी. 1950च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा आराखडा लोकांपुढे मांडला. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. के. एन. रेड्डी यांनी 1974 साली सुरू केलेल्या 'अस्त्र' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' बनवली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल.

1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002पर्यंत तो चालला आणि त्यात देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. महाराष्ट्रात या कामाशी जोडलेले एक नाव म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली स्थापन केलेली पुण्याची 'आरती' ही संस्था. तिथल्या 'लक्ष्मी' चुलीने एक अडचण सोडवली. मातीची चूल प्रत्येक घरी हाताने घालायची म्हटली की कुणाच्या चुलीचे तोंड बोटभर मोठे होते, कुणाच्या चुलीतला बोगदा अरुंद राहतो, आणि मापे चुकली की ओढ जाते. लक्ष्मी साच्यात ओतून सिमेंटमध्ये घडवली, त्यामुळे एकदा जमलेली मापे सगळीकडे तीच राहिली.

मापांचा हा आग्रह कारागिरांना पटवणे सोपे नव्हते. जाड लाकूड बसावे म्हणून चुलीचे तोंड कोरून मोठे करणे हा सर्रास चालणारा प्रकार. तोंड मोठे झाले की गरजेपेक्षा जास्त गार हवा आत जाते, धूर थंड होतो, ओढ मंदावते आणि धूर त्याच मोठ्या तोंडातून बाहेर येतो. दुसऱ्या भोकावर भांडे न ठेवता ते उघडे सोडले तरी तेच होते. उलट ओढ फार झाली तर जाळ भांड्याला चाटण्याआधीच नळीत पळतो, लाकूड जास्त जळते आणि भाकरी मात्र भाजत नाही. म्हणून चांगल्या धुराड्यात एक सरकती पत्र्याची झडप असते: पेटवताना पूर्ण उघडी, जाळ लागल्यावर थोडी ओढून घेतलेली. राखेवर निखारे असेपर्यंत ती पूर्ण बंद करायची नसते, कारण विषारी वायू निखाऱ्यांतूनही निघतच असतो.

नळीच्या जागेचाही विचार हवा. ती चुलीवरून सरळ वर जावी. लाकडी वासा किंवा कौलाखालच्या चिवाट्या यांच्यापासून ती वीतभर तरी लांब राहावी आणि छपरातून जाते तिथे भोवती पत्र्याची किंवा सिमेंटची मोकळी चौकट असावी. गवताच्या छपरातून तापलेली नळी नेण्याचा धोका पत्करू नये. तिथे नळी भिंतीतून बाहेर काढून छपरापासून दूर उभी केलेली बरी. चुलींच्या सरकारी कार्यक्रमात स्वस्त म्हणून ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्या खूप वापरल्या गेल्या. त्या कापताना किंवा फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांसाठी घातक असते, तेव्हा नव्या कामात पत्र्याची किंवा भाजक्या मातीची नळी निवडावी, आणि घरात जुनी नळी असेल तर तिच्यावर करवत चालवू नये.

एक सेंटीमीटर काजळी

चूल बसली, धूर छपराबाहेर गेला, घरातल्यांनी समाधानाचा श्वास सोडला. खरी परीक्षा तीन-चार महिन्यांनी सुरू होते.

10 सेंटीमीटर व्यासाच्या नळीत सगळीकडून फक्त एक सेंटीमीटर काजळीचा थर बसला, तर आतली वाट 8 सेंटीमीटर उरते. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण क्षेत्रफळ काढले तर वाटेचा 36 टक्के भाग गेलेला असतो. थर दोन सेंटीमीटर झाला की वाट पहिल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा राहते. त्या एक मिलिमीटर पाण्याच्या बळाने एवढ्या चिंचोळ्या वाटेतून धूर रेटणे जमत नाही, आणि धूर पुन्हा चुलीच्या तोंडातून बाईच्या चेहऱ्यावर येतो.

ओल्या लाकडाने हे काम दुप्पट वेगाने होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते उकळून वाफ करण्यात जाळाची उष्णता खर्च होते, धूर गार पडतो आणि त्यातले डांबरी द्रव्य नळीच्या आत चिकटते. हा काळा, डिंकासारखा थर पेट घेतो. पाश्चात्त्य देशांत धुराड्यांना लागणाऱ्या आगींमागे बहुधा तोच असतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये 2021पासून किरकोळ मापात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्याआधी लाकूडफाटा रचून झाकून ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही हेच शहाणपण आहे.

काजळी साफ न केल्याने काय होते, याचा सर्वांत सविस्तर पुरावा ओडिशातून आला. ग्राम विकास या संस्थेने तिथे दोन भांड्यांच्या, धुराडे असलेल्या मातीच्या चुली दिल्या. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी 44 गावांतल्या सुमारे 2,600 कुटुंबांचा चार वर्षे माग ठेवला. चुली कुणाला आधी मिळणार हे सोडतीने ठरवले होते, त्यामुळे तुलना चोख होती. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड कमी झालेला दिसला. त्यानंतर हा फरक पुसला गेला. फुप्फुसांच्या ताकदीत सुधारणा नाही, लाकडाची बचत नाही. चुली मोडल्या, भेगा लिंपल्या गेल्या नाहीत, नळ्या तुंबल्या, आणि बायका जुन्या चुलीकडे परतल्या. हा निबंध 2016 साली छापून आला. डुफ्लो यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते गरिबीशी लढण्याचे उपाय अशाच प्रत्यक्ष प्रयोगांनी तपासण्याच्या कामासाठी.

या निकालावरून 'धुराड्याचा उपयोग नाही' असे म्हणणे चुकीचे ठरेल. चीनच्या युन्नान प्रांतातल्या शुआनवेई परगण्यात घरात धुराचा कोळसा जाळत. तिथल्या 21 हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले, की ज्या घरांनी उघडी आगटी सोडून धुराडे असलेली चूल घेतली, तिथे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पुढच्या काळात 40 टक्क्यांहून अधिक घटला. धुराडे टिकले तर ते काय करते, हे शुआनवेईने दाखवले. ते नुसते बसवून सोडले तर काय होते, हे ओडिशाने.

साफ कोण करणार

लंडनने या प्रश्नाचे एक क्रूर उत्तर शोधले होते. अठराव्या शतकात तिथल्या अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवून काजळी खरवडून घेत. 1775 साली शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले की या मुलांना मोठेपणी वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. एखाद्या व्यवसायातल्या पदार्थाने कर्करोग होतो, असे दाखवणारी ही पहिली नोंद मानली जाते. तरी मुले चढवणे थांबायला आणखी शंभर वर्षे लागली. 1875 साली जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मेला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ही प्रथा संपवली. जर्मनीत आज हे काम प्रशिक्षित, परवानाधारक कारागिराकडे असते; प्रत्येक भागाला नेमलेला धुराडे-निरीक्षक असतो आणि त्याने केलेली तपासणी घरमालकाला टाळता येत नाही.

खेड्यातल्या चुलीसाठी असा माणूस कुणी नेमला नाही. काम आपोआप घरातल्या बाईवर आले. तिने साडी सावरत कौलांवर चढून नळीत दांडा घालावा, अशी अपेक्षा ठेवणारा आराखडा मुळातच चुकलेला आहे. फिलिप्स कंपनीच्या पुण्यातल्या डिझाइन विभागाने ही गोष्ट ओळखली. त्यांनी घडवलेल्या कमी धुराच्या चुलीत नळीची सफाई स्वयंपाकघरात उभे राहूनच करता येते. या आराखड्याला 2009 साली डेन्मार्कचा 'इंडेक्स' पुरस्कार मिळाला.

हीच सोय कोणत्याही चुलीला कमी खर्चात देता येते. नळीचा खालचा तुकडा इंग्रजी टी अक्षरासारखा घ्यावा आणि त्याच्या एका तोंडाला काढता येणारे झाकण लावावे. चूल थंड असताना झाकण काढायचे, लवचीक बांबूच्या कामटीला काथ्याचा बोळा बांधायचा, खालून वर फिरवायचा आणि पडलेली काजळी राखेच्या भांड्यात घ्यायची. नाकातोंडावर ओला फडका बांधावा; पॉट यांचा इशारा आजही लागू आहे. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा एवढे पुरते.

छपरापलीकडचा धूर

धुराडे धूर नाहीसा करत नाही, फक्त त्याची जागा बदलते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेहून अधिक घरांत झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. धुराडे असलेल्या चुलीने स्वयंपाकघरातला धूर जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटवला, पण तान्ह्या मुलांच्या वाट्याचा धूर निम्माच कमी झाला, कारण अंगणात आणि शेजारच्या घरांत तो होताच. तरी मुलांमधला गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. हा प्रयोग चालवणारे कर्क स्मिथ 1980च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीसमोरच्या बायकांच्या श्वासातला धूर मोजत होते. पुढे धुराड्यापेक्षा गॅस बरा, असे मत त्यांनी आग्रहाने मांडले. पंतप्रधान उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबादेत दिली गेली. पण सिलिंडर संपला की किंवा परवडेनासा झाला की बाई पुन्हा चुलीकडे वळते. गॅस असलेल्या घरातही पाणी तापवायला, गुरांचे खाणे शिजवायला, भाकरीला चूल पेटतेच. म्हणून गॅस आला तरी चुलीचे धुराडे धड असायला हवे.

ते धड आहे की नाही, हे पाहायला उपकरण लागत नाही. चूल पेटवून पाच मिनिटे झाल्यावर तिच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. उदबत्तीचा धूर आत वळला तर ओढ ठीक आहे. तो जागीच घुटमळला किंवा खोलीकडे आला तर त्याच आठवड्यात चूल थंड करून नळी साफ करावी. आणि ज्यांना चुलीला धुराडे नव्याने बसवायचे आहे, त्यांनी कारागिराला दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: घरातल्या बाईला छपरावर न चढता ही नळी साफ करता येईल का? तो तशी सोय करून द्यायला तयार असेल तरच त्याला काम द्यावे.